शिंग, साचा आणि कडतूस

आपल्या भागातील जुन्या वाड्यांच्या माळ्यावर कधी कधी अडकित्त्यासारखी एक लोखंडी वस्तू सापडते. तिच्या जबड्यात पात्याऐवजी वाटाण्याएवढी गोल पोकळी असते. मोडवाला ती किलोच्या भावाने घेऊन जातो. हा बंदुकीच्या गोळीचा साचा. त्यात वितळलेले शिसे ओतून लोक घरच्या घरी गोळ्या पाडीत.

या वस्तूमागचा इतिहास आपल्या दाराशीच घडला आहे. तोड्याच्या बंदुकीचा शिपाई कमरेला दारूचे शिंग बाळगी. मापाने दारू नळीत ओतायची, वर गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानात बारीक दारू घालायची आणि मग जळता तोडा टेकवायचा. एवढे होईपर्यंत घोडेस्वार अंगावर येई! पुढे गारदी पलटणींत चकमकीच्या बंदुका आल्या आणि दारू व गोळी एकाच कागदी पुडीत बांधलेली मिळू लागली. मराठीतील कडतूस आणि उर्दूतील कारतूस हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले आहेत.

फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर येथे सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. त्यात मोठा वाटा इब्राहिमखान गारदी याच्या कवायती पायदळाचा व तोफखान्याचा होता. पुढच्याच वर्षी पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढला, कैद झाला आणि मारला गेला. जात-धर्मावरून इतिहासाची वाटणी करणाऱ्यांनी उदगीरचा किल्ला एकदा पाहून यावा. निजामानेही मग फ्रेंच सेनानी रेमाँ याच्या हाताखाली कवायती फौज उभारली. हैदराबादेतील त्याच्या तोफा ओतण्याच्या कारखान्याला लोक ‘तोप का सांचा’ म्हणत. साचा हा शब्द येथेही आहेच.

एकोणिसाव्या शतकात धातूचे बूड असलेले कडतूस आले. शौकीन शिकारी झाडलेली कडतुसे पुन्हा भरीत. खिमा यंत्राप्रमाणे टेबलाला आवळण्याची, कडतुसाचे तोंड दुमडणारी लहान यंत्रे त्यासाठी विलायतेहून येत. शेफील्डच्या जेम्स डिक्सन आणि हॉक्सली यांची अशी हत्यारे व दारूच्या कुप्या आज संग्राहक शोधत असतात.

किंमत मात्र धातूच्या वजनावर ठरत नाही. कारागिराचा ठसा, मूळ पेटी, सर्व भाग शाबूत असणे आणि वस्तू कोणाच्या घरातून आली याची नोंद, यांवर ती ठरते. म्हणून चिंच-राखेने घासून लख्ख करू नये. घासण्यात ठसा जातो, आणि त्याबरोबर मोलही. साच्याच्या पोकळीचा व्यास मोजावा. शिंगावर किंवा मुठीवर फारसी अक्षरे, हिजरी सन असल्यास कागदावर उतरवून घ्यावे. उर्दू शिकलेली आपली मुले हे काम सहज करू शकतात. पुष्कळ पदवीधरांना ती लिपी वाचता येत नाही. आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. १९४८ च्या उलथापालथीत आणि १९९३ च्या भूकंपात किती घरांचे माळे रिकामे झाले, हे सांगायला नको.

विक्रीची घाई करू नये. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते आणि ती खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा बनविण्याची यंत्रेही दारूगोळ्यातच मोडतात, म्हणून कडतुसाचे यंत्र सापडल्यास जाणकार वकिलाला विचारावे. भरलेले कडतूस किंवा दारू असलेले शिंग हाती लागले, तर ते न उघडता, मुलांना दूर ठेवून पोलीस ठाण्यात कळवावे.