मर्क्युरीचं छत कापणारा सॅम

पोमोना हे लॉस एंजेलिसच्या पूर्वेचं गाव. तिथल्या जत्रेच्या मैदानावर हिवाळ्यात ‘ग्रँड नॅशनल रोडस्टर शो’ भरतो. १९५० साली ओकलंडला सुरू झालेलं हे प्रदर्शन पुढे इथे आलं. लोक इंजिनांभोवती गर्दी करतात. कोल्हापुरात माझ्या वडिलांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं, त्यामुळे माझी नजर आधी पत्र्यावर जाते.

हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी, हा पैसेवाल्यांचा शौक नव्हता. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं भंगारातून जुन्या फोर्ड आणायची आणि वजन घटवायला मडगार्ड, काच, छत, जे निघेल ते काढून टाकायची. १९३२मध्ये फोर्डने साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन दिलं. ६५ अश्वशक्तीचंच, पण त्यातून आणखी जोर काढायला वाव होता. मोकळं पळवायला म्युरॉकचं कोरडं तळं होतं. मैलोन्‌मैल सपाट, उन्हाने भाजून टणक झालेली माती. शर्यतींना शिस्त लावायला १९३७मध्ये क्लबांनी एकत्र येऊन संघटना काढली. पुढे म्युरॉक लष्कराकडे गेलं. आजचा एडवर्ड्‌स हवाई तळ तो हाच. दुसऱ्या महायुद्धानंतर बिल बर्क नावाच्या हॉट रॉडवाल्याने तर लढाऊ विमानाच्या इंधनाच्या जादा टाकीलाच चाकं लावून ती पळवली.

वेगापेक्षा देखणेपणाचं वेड असणाऱ्यांची वाट वेगळी. त्यांच्या गाड्यांना ‘कस्टम’ म्हणतात आणि माझा जीव अडकतो तो तिथेच. जॉर्ज आणि सॅम हे बॅरिस बंधू त्यातले मोठे कारागीर. सॅमने स्वतःची १९४९ची मर्क्युरी गाडी कापून तिचं छत खाली आणलं. मग बॉब हिरोहाटा या जपानी वंशाच्या तरुणासाठी बॅरिस यांच्या गॅरेजने १९५१ची मर्क्युरी घडवली. तिचं छत पुढून ४ आणि मागून ७ इंच उतरवलं होतं. असं छत सरळ खाली बसत नाही. वरचा भाग निमुळता, खालचा रुंद. कापलेल्या कडा एकमेकींना भिडतच नाहीत. पत्रा चिरायचा, वाकवायचा, मध्ये तुकडे जोडायचे.

आणि जोड लपवायचे कसे? तेव्हा आपल्यासारखी लांबी भरायची सोय नव्हती. शिसं भरायचे. प्रदर्शनात १९५०च्या एका मर्क्युरीच्या वयस्क मालकाने डिकी उघडून मला आतल्या बाजूने जोड दाखवला. वेल्डिंगची ओबडधोबड रेघ आणि फटीतून आत डोकावणारा करडा धातू. बाहेरून त्याचा मागमूस नाही. पत्रा घासून त्यावर आधी कथलाचा पातळ थर चढवायचा, भांड्याला कल्हई करतात तसा. मग ७० भाग शिसं, ३० भाग कथील अशी कांडी ज्योतीवर मऊ करायची. ती लोण्याइतकी मऊ असेतोवरच तेल लावलेल्या लाकडी फळीने पसरायची. आच जास्त झाली की सगळं ओघळून जमिनीवर. शेवटी कानस. शिशाची धूळ विषारी, म्हणून घासकागद नको.

त्या मालकाने आपली फळी माझ्या हातात दिली. मी बाहेरून जोडावर तळवा फिरवून पाहिला, काही लागलं नाही. वडील डोळे मिटून असाच तळवा फिरवायचे आणि लहानसा उंचवटा सापडला तरी पोऱ्याला पुन्हा कामाला लावायचे.

हिरोहाटाची मर्क्युरी आज अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत आहे, तीही मालकाच्या नावाने. जॉर्जने १९६६च्या टीव्ही मालिकेसाठी बॅटमोबिल बनवली आणि तो जगभर गाजला. पत्र्याचा खरा हात सॅमचा. तो मात्र १९५०च्या दशकातच या धंद्यातून बाहेर पडला आणि १९६७मध्ये कर्करोगाने गेला. जॉर्जचं नाव ऐकलेल्या प्रत्येकाला सॅमचंही नाव ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.