डाकोटाच्या पोटात पायपेटी

जुन्या संगणकावर हरिकेन नाहीतर स्पिटफायर विमान उडवत बसणाऱ्या कुणालाही या खेळाचा मूळपुरुष विचारा, तो ब्रूस आर्टविकचं नाव घेईल. आर्टविकने १९७५ साली इलिनॉय विद्यापीठात विमानाच्या हालचाली संगणकावर दाखवण्यावर प्रबंध लिहिला, मग अ‍ॅपलसाठी खेळ काढला आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने तो पीसीवर आणला. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: १९९० चा रेड बॅरन, १९९८ चा कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर, २००१ चा आयएल-२. माझं म्हणणं असं, की ही दत्तक घराण्याची वंशावळ झाली. रक्ताचं नातं पायपेटीशी आहे.

हे डोक्यात शिरलं ते कराडजवळच्या मलकापुरात पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे. आपल्या हातपेटीचा भाता हवा दाबतो आणि ती सुरांतून बाहेर पडते. संगीत नाटकातली पायपेटी, म्हणजे अमेरिकी धाटणीचा ऑर्गन, याच्या बरोबर उलटा. पायडल मारलं की भाता पेटीतली हवा उपसतो आणि बाहेरची हवा सुरांतून आत खेचली जाते. काकांनी एक सूर उपसून काढला आणि त्या फटीवर मला बोट ठेवायला सांगितलं. त्यांनी चार पायडलं मारली, तशी बोटाची कातडी आत ओढली गेली. "हा भाता फुंकत नाही, पितो," काका म्हणाले.

असलाच पिणारा भाता वापरून उड्डाण शिकवणारं यंत्र केलं ते अमेरिकेच्या एडविन लिंकने. त्याच्या वडिलांचा बिंगहॅम्टनला ऑर्गन आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोंचा कारखाना होता. पोराला विमानाचं वेड, पण शिकवणी महाग. मग त्याने कारखान्यातल्याच सामानातून भाते घेतले आणि त्यांवर आखूड पंखांचं एक ठेंगणं विमान बसवलं. दांडी डावीकडे झुकवली की झडप उघडते, डाव्या भात्यातली हवा उपसली जाते, भाता आक्रसतो आणि विमान तिकडे कलतं. विमान गोल फिरवायला मोटर होती, तीही हवा ओढून चालणारी, वाजत्या पियानोतल्या मोटरच्या जातीची. त्याने पेटंटसाठी अर्जही केला. पहिली गिऱ्हाइकं कोण? करमणुकीच्या बागा! म्हणजे ही वस्तू बाजारात आली तीच खेळणं म्हणून. लष्कराला जाग आली १९३४ साली. हवाई टपाल लष्कराच्या गळ्यात पडलं आणि थंडी-धुक्यात वैमानिक पटापट मरू लागले, तेव्हा त्यांनी सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात दहा हजारांवर बनली.

विरोधी पक्ष दोन. पहिला फ्रेंचांचा. १९१० च्या सुमारास अँतोआनेत कंपनीने अर्ध्या कापलेल्या पिंपांवर शिकाऊला बसवलं होतं, ते लिंकच्या आधी. कबूल. पण ते पिंप हलवायला बाहेर माणसं उभी लागत. त्याला मी पाळणा म्हणतो.

दुसरा पक्ष वजनदार आहे. घरातली खुर्ची जागची हलत नाही. भाता गेला, उरली ती संगणकातली गणितं, मग लिंकचं राहिलं काय? राहिलं ते झाकण. लिंकच्या यंत्रावर झाकण ओढलं की बाहेरचं काही दिसत नसे, समोर फक्त काटे. लष्कराने पैसे मोजले ते त्या आंधळ्या उड्डाणासाठी, डोलण्यासाठी नव्हे. जुन्या सिम्युलेटरात खिडकीबाहेर हिरवे-करडे त्रिकोण, पण काटे इमानदार. शिवाय शिक्षकाच्या टेबलावर लिंकने तीन चाकांचा एक खेकडा ठेवला होता, तो शिकाऊचा मार्ग शाईने नकाशावर काढत जाई. 'फ्लाइट सिम्युलेटर २००४' मध्ये उड्डाण संपल्यावर आपला मार्ग रेघेने दाखवणारं पान आहे. तो खेकडाच आहे, यात मला तरी शंका नाही.

ज्याला पटत नसेल त्याने त्याच खेळातलं डीसी-३ घ्यावं. आपल्या हवाईदलात याच घराण्यातली डाकोटा होती. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरवले ते तिनेच. पुण्याहून उडावं, दृश्यमानता पार खाली ओढावी, थंडीत कृष्णाकाठी पहाटे असते तशी, आणि नाक कराडकडे धरावं. कोयना धरणाच्या कामासाठी १९५५ साली केलेली धावपट्टी तिथे खरोखरीची आहे. काही मिनिटांतच उंचीचा काटा ढळतो, तो सावरावा तर कृत्रिम क्षितिज कलतं, ते धरावं तर होकायंत्र दहा अंश निसटलेलं. एक काटा डोळ्यांत धरून बसलात की बाकीचे बेइमान होतात, म्हणून नजर सतत फिरती ठेवावी लागते. लिंकच्या झाकणाखाली शिकवायचे ते हेच.

२०२० च्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये उपग्रहाची चित्रं आहेत. मलकापुरावरून गेलो तर आगाशिवचा डोंगर दिसतो, महामार्ग दिसतो, मग माणूस काटे सोडून आपल्या घराचं छप्पर शोधत बसतो. हे मात्र निखालस आर्टविकचं पोर. ते आर्टविकवाल्यांनी खुशाल घेऊन जावं.