स्नेअर ड्रम : रणवाद्याचे हौसवाद्य

मिरवणुकीतील ताशाचा कडकडाट ज्याच्या कानांत बसला आहे, त्याला पाश्चात्त्य बँडमधील स्नेअर ड्रमचा आवाज अगदीच परका वाटणार नाही. तरीही दोहोंत एक मोठा भेद आहे. ताशा एकमुखी, त्याचा सारा तिखटपणा ताणलेल्या पानातून आणि बारीक काड्यांतून येतो. स्नेअर ड्रम हा द्विमुखी असून त्याच्या खालच्या पानाला लागून बारीक तारांचा एक पट्टा ताणलेला असतो. वरच्या पानावर काडी पडली की आतली हवा खालचे पान ढकलते, तारा क्षणभर उडतात व पुन्हा पानावर आपटतात, आणि घुमणाऱ्या ढोलातून एकाएकी कोरडा, चरचरीत, बंदुकीच्या फैरीसारखा ध्वनी उमटतो. या तारांनाच स्नेअर असे नाव आहे. बाजूचा खटका सोडून त्या पानापासून दूर केल्या, तर तेच वाद्य निमूटपणे साधे ढोलके बनते.

हे वाद्य हौसेखातर घेऊ इच्छिणाऱ्या माणसाची दुकानात गेल्यावर मोठी तारांबळ उडते. खोड लाकडाचे घ्यावे, पितळेचे की ॲल्युमिनियमचे? स्क्रू आठ असावेत की दहा? खोली पाच इंच की साडेसहा? दुकानदार प्रत्येक प्रश्नाला एखाद्या थोर वादकाचे नाव हेच उत्तर म्हणून देतो. वस्तुतः या वाद्याचा प्रत्येक अवयव कोणाच्या ना कोणाच्या गरजेतून जन्मला आहे. आणि ती गरज बहुधा सैन्याची, नाटकगृहाची किंवा कारखानदाराची होती, हौशी वादकाची क्वचितच. कोणता अवयव कोणासाठी आला हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आपल्याला काय हवे ते ठरवणे पुष्कळच सोपे जाते.

मध्ययुगीन युरोपात टेबर नावाचा लहान ढोल होता. वादक एका हाताने बासरी धरी आणि दुसऱ्या हाताने हा ढोल वाजवी. त्याच्या पानावर आतड्याची एखादी तात आडवी ताणलेली असे. तारांच्या पट्ट्याचे मूळ या एकट्या तातेत आहे. पुढे पंधराव्या शतकात स्विस पायदळाने मोठा ढोल आणि आडवी बासरी यांची जोडी रणांगणावर नेली. भाडोत्री सैनिक म्हणून स्विस लोक युरोपभर लढले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा ढोलही देशोदेशी पोहोचला. १५८९ साली फ्रान्समधील थ्वानो आर्बो या टोपणनावाच्या एका धर्मोपदेशकाने नृत्यावर ग्रंथ लिहिला. कॅथलिक चर्चमधल्या या वृद्ध गृहस्थाने नृत्याच्या पुस्तकात कूचाच्या ढोलाचे इतके बारकाईने वर्णन केले आहे की, वाचताना कौतुक वाटते. त्याच्या काळचा फ्रेंच ढोल सुमारे अडीच फूट रुंद आणि तितकाच उंच होता. कूचाच्या आठ मात्रांपैकी पाचांवर आघात व तीन रिकाम्या, असा त्याचा ठेका तो देतो. सैनिकाचे पाऊल कोठे पडावे हे त्या तीन रिकाम्या जागांनी कळे.

एवढा ढोल पट्ट्याने खांद्यावरून लटकवला की तो डाव्या मांडीवर तिरका टेकतो. त्यामुळे डाव्या हाताला काडी वरून धरता येत नाही. ती तळहात वर करून अंगठ्याच्या बेचक्यात धरावी लागते. ढोल मांडीवरून उतरून तिवईवर सरळ बसला, तरी पिढ्यान्‌पिढ्या शिक्षक तीच पकड शिकवीत राहिले. आज हौशी वादकाने ती शिकावी की दोन्ही काड्या सारख्याच धराव्यात, यावर कडाक्याचे वाद होतात. ज्याचा ढोल तिवईवर सपाट आहे त्याने या वादात वेळ दवडण्याचे कारण नाही.

रणवाद्य हौसवाद्य कसे बनते याचा सुंदर दाखला स्वित्झर्लंडमधील बाझल शहर देते. धर्मसुधारणेच्या लाटेत हे शहर प्रॉटेस्टंट झाले, पण उपवासपर्वापूर्वीचा आपला कार्निव्हल त्याने सोडला नाही. उलट तो राखेच्या बुधवारानंतरच्या सोमवारी, म्हणजे उपवास सुरू झाल्यावर, साजरा करण्याची रीत तिथे आहे. त्या सोमवारी पहाटे चार वाजता शहरातील दिवे मालवतात आणि कंदील घेतलेल्या मंडळांचे शेकडो ढोल व बासऱ्या एकदम सुरू होतात. वाजवणारे लोक कारकून, कारागीर, दुकानदार. त्यांतील कोणी सैनिक म्हणून वाजवीत नाही, पण बोल मात्र जुन्या पलटणींच्या परंपरेतले. वर्षभर तालीम करून तीन दिवस वाजवणाऱ्या या नागरिकांना हौशी स्नेअरवादकांचे पूर्वज म्हणावयास हरकत नाही. युनेस्कोने २०१७ मध्ये या उत्सवाला मानवी वारशाच्या यादीत स्थान दिले.

इतरत्र मात्र ढोलाचे काम दीर्घकाळ जीवनमरणाचे राहिले. उठणे, जेवणे, जमणे, पुढे सरकणे, माघार घेणे, या साऱ्यांचे हुकूम ढोलावर वाजत, कारण तोफांच्या गदारोळात अधिकाऱ्याचा आवाज पोहोचत नसे. ढोल्याचा बोल चुकला तर पलटणीचा घात होई. हे काम पुष्कळदा पोरांकडे असे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) दहा-बारा वर्षांची मुले ढोल गळ्यात घालून चालली. त्यांतील जॉन क्लेम १८६३ साली चिकमॉगाच्या लढाईत बारा वर्षांचा होता. मोठेपणी तो सैन्यातच अधिकारी झाला आणि १९१५ साली निवृत्त झाला. त्याचे नाव उरले. बहुतेकांचे उरले नाही.

त्या काळचे ढोल दोरीने आवळलेले असत. दोरीवरील चामड्याच्या वाद्या खाली ओढल्या की पान चढे. ओलाव्याने कातडे सैल पडले की ही खटपट पुन्हा करावी लागे. १८३७ साली लंडनच्या कॉर्नेलियस वॉर्डने स्क्रूने ताणण्याच्या ढोलाचे पेटंट घेतले. स्क्रूमुळे पानाचा ताण प्रत्येक बिंदूवर वेगळा नियंत्रित करता आला आणि खोली कमी असलेला ढोलही नीट चढवता येऊ लागला. आजचा पाच-साडेपाच इंच खोलीचा उथळ ड्रम या स्क्रूचेच अपत्य आहे. ब्रिटिश पलटणींनी मात्र संचलनाच्या ढोलावर दोरी कायम ठेवली. सैन्याला जुन्याची माया अधिक.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा ढोल अमेरिकन नाटकगृहांच्या रंगमंचापुढील खळग्यात उतरला. तिथे जागा कमी आणि पगार त्याहून कमी. म्हणून मोठा ढोल, लहान ढोल आणि झांज ही तिघांची कामे एकाच माणसाने करावीत अशी मालकांची अपेक्षा. १९०९ साली शिकागोच्या विल्यम लुडविग या वादकाने पायाने चालवण्याचे जलद पेडल तयार केले आणि थिओबाल्ड या भावासह धंदा मांडला. पायाने मोठा ढोल वाजू लागताच दोन्ही हात स्नेअरसाठी मोकळे झाले. आज ज्याला ड्रमसेट म्हणतात त्याचा पाया तेव्हा पक्का झाला. काड्यांवर छापलेली अक्षरेही या काळाची आठवण देतात : ए हे वाद्यवृंदासाठी, बी बँडसाठी, एस रस्त्यावरील संचलनासाठी. घरी सराव करणाऱ्याने एसची सोटासारखी काठी उचलू नये, हे एवढ्यावरून समजावे.

१९२७ साली ‘द जॅझ सिंगर’ हा चित्रपट आला आणि बोलपटांचे युग सुरू झाले. मूकपटांना साथ करणारे हजारो वादक पाहता पाहता बेकार झाले. लागोपाठ महामंदी आली. लुडविग बंधूंचा कारखानाही मोठ्या कंपनीच्या ताब्यात गेला. व्यावसायिक गिऱ्हाईक आटल्यावर कारखानदारांची दृष्टी शाळांच्या बँडकडे आणि घरी शिकणाऱ्या मुलांकडे वळली. १९३३ साली शिकागोत जमलेल्या तेरा ढोलवादकांनी एक संघ स्थापन केला आणि जुन्या लष्करी परंपरेतून तेरा मूलभूत बोल निवडले. पुढे त्यांत आणखी तेरांची भर पडली. १९८४ साली दुसऱ्या एका संस्थेने ही यादी चाळीस बोलांपर्यंत नेली. त्यांतला पॅराडिडल—उजवा, डावा, उजवा, उजवा. डावा, उजवा, डावा, डावा—आजही प्रत्येक नवशिक्याच्या वाट्याला येतो. त्या तेरा जणांचा हेतू काही अंशी धंद्याचा होता हे खरे. तरी कसलेही सामान नसलेल्या मुलालाही रबराच्या तुकड्यावर शिकता येईल अशी विद्या त्यांनी मागे ठेवली.

नंतर आला छायाचित्रांचा काळ. बेनी गुडमनच्या वाद्यवृंदातील जीन क्रुपा हा १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजला आणि ढोलवादक हा प्रथमच नटासारखा लोकप्रिय झाला. स्लिंगरलँड कंपनीच्या जाहिरातींत मोत्यासारख्या चकाकत्या पांढऱ्या ढोलांमागे त्याचे हसरे मुख झळकू लागले. त्या कंपनीच्या नामांकित ड्रमचे खोड मेपलच्या एकाच अखंड फळीला वाफेने वाकवून केलेले असे. पण मुलांनी मागणी केली ती पांढऱ्या चकाकीची. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकन दूरदर्शनवर दिसले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. रिंगो स्टारच्या मोठ्या ढोलावर लुडविगचे नाव ठळक होते. शिकागोच्या कारखान्याला मग मागणी पुरवणे जड जाऊ लागले. त्यातील किती मुलांनी तो ढोल आधी कानांनी ऐकून घेतला असेल?

या दोन प्रसंगांच्या मधली एक घटना मात्र हौशी वादकाच्या खऱ्या उपयोगाची होती, आणि तिचा गाजावाजा फारसा झाला नाही. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरच्या पातळ पटलाची पाने बाजारात आली. १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये रेमो बेली याने तीच बनवणारी कंपनी काढली. तोपर्यंत पान म्हणजे वासराचे कातडे. पावसाळ्यात ते सैल पडे, उन्हाळ्यात ताणून तडकण्याची भीती. दर्जेदार कातडे महाग, ते बसवणे कसबाचे काम. नव्या पानाने हवेची ही मिजास संपवली. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत वाजवणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगावयास नको.

मुंबईत या वाद्याला घर मिळाले ते बँडच्या आणि चित्रपटांच्या संगीतात. गोव्यातील पॅरिश शाळांत स्वरलेखन शिकून आलेले वादक हॉटेलांतील जॅझमधून चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. सी. रामचंद्र यांच्या संगीताने गाजलेल्या १९५१च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट हा मूळचा गोव्याचा वादक आपल्या ताफ्यासह पडद्यावरच दिसतो. तालवाद्यांच्या क्षेत्रात कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बर्जोर या पारशी कुटुंबाचे काम मोठे. लग्नाच्या बँडचा साइड ड्रम मात्र बहुधा मेरठचा; तिथे नादिर अली यांचा व्यवसाय १८८५ पासूनचा, आणि जाली कोठी हा भाग बँडच्या वाद्यांसाठी आजही प्रसिद्ध आहे.

आता निवडीविषयी. खोडाचा धातू किंवा लाकूड यांनी आवाजात फरक पडतो खरा : लाकूड जरा मऊ बोलते, पितळ आणि ॲल्युमिनियम अधिक झणझणतात. पण त्याहून मोठा फरक पाने, तारा आणि खोडाची कड यांनी पडतो, आणि या तिन्ही गोष्टी जाहिरातीतील चित्रात दिसत नाहीत. वरचे पान साधारणपणे इंचाच्या शंभराव्या भागाइतके जाड असते, तर खालचे इंचाच्या हजारात तीन भाग, म्हणजे पतंगाच्या कागदासारखे. ते वरच्याइतके जाड बसवले की तारा बोलेनाशा होतात. नवख्यासाठी चौदा इंच व्यासाचा, पाच ते साडेसहा इंच खोलीचा, आठ किंवा दहा स्क्रूंचा आणि वीस तारांचा कोणताही सरळ बांधणीचा ड्रम पुरेसा आहे.

पैसे मोजकेच असतील तर जुना ड्रम घेण्यात कमीपणा नाही. फक्त पाने उतरवून पाहावे. उघडे खोड सपाट काचेवर पालथे ठेवून आत दिवा लावावा. कडेखालून प्रकाश फटीतून फुटला तर कड वाकडी आहे. खालच्या कडेवर तारांसाठी समोरासमोर दोन उथळ खाचा असतात. तिथला प्रकाश हा दोष नव्हे. व्यास दोन-तीन दिशांनी मोजावा, कारण पडलेला ड्रम अंडाकृती होतो आणि कधीच सुरात लागत नाही. गंज, ओरखडे, उडालेला मुलामा यांकडे पाहून भाव पाडून घ्यावा, नाक मुरडू नये.

झांजेचे तसे नाही. ढोल बेसूर असला तर पान बदलता येते. झांज जशी ओतली-ठोकली तशीच आयुष्यभर बोलते. सुमारे ऐंशी भाग तांबे व वीस भाग कथील अशा कांशाची कॉन्स्टँटिनोपलमधील झिल्जियन या आर्मेनियन घराण्याची रीत सतराव्या शतकाच्या आरंभापासूनची. १९२९ साली ती अमेरिकेत गेली. चर्चच्या घंटेचे कांसेही याच जातीचे. म्हणून शिलकीतले जास्तीचे रुपये झांजेवर घालणे शहाणपणाचे, ढोलाच्या चकाकीवर नव्हे.

आणि घरी आणल्यावर स्क्रू ओळीने फिरवीत न जाता समोरासमोरचे जोडीने आवळावेत. प्रत्येक स्क्रूजवळ काडीने हलकेच टिचकी मारून स्वर सारखा येतो की नाही हे ऐकावे. तारा सुरुवातीला सैल ठेवून हळूहळू चढवाव्यात. बहुतेक नवखे त्या इतक्या आवळतात की खालचे पान हलूच शकत नाही, आणि मग आवाज गुदमरला म्हणून नवा ड्रम पाहावयास निघतात.