बिघाड शोधणाऱ्यांचा इतिहास



रेडिओचा इतिहास सांगावयाचा म्हटला की शोधकांची नावे घेतली जातात, आणि ती घेतलीच पाहिजेत. परंतु यंत्र निर्माण करणे ही एक विद्या झाली, आणि मुके झालेले यंत्र पुन्हा बोलते करणे ही दुसरी. माझे आयुष्य कामगार चळवळीत गेले, आणि जे काही शिकलो ते कॉलेजबाहेर शिकलो. म्हणून आज या दुसऱ्या विद्येविषयी बोलावयाचे मी ठरविले आहे.

जुन्या रेडिओचा प्राण म्हणजे व्हॉल्व्ह. काचेच्या निर्वात नळीत एक भाग तापतो, त्यातून विद्युत्कण सुटतात आणि समोरच्या पट्टीकडे धावतात. फ्लेमिंग यांनी १९०४ साली असा दोन पट्ट्यांचा व्हॉल्व्ह केला. १९०६ साली डी फॉरेस्ट यांनी मध्ये तिसरी जाळी घातली. या जाळीवरील अल्पशा विजेने पलीकडचा मोठा प्रवाह कमीजास्त करता येतो. क्षीण आवाज मोठा होतो तो याच युक्तीने. १९१८ साली आर्मस्ट्राँग यांनी सुपरहेटेरोडाइन पद्धत बसविली. कोणतेही स्टेशन लावा, त्याच्या लहरी आधी एका ठराविक कंपनसंख्येवर, पुढे बहुधा ४५५ किलोसायकलवर, आणावयाच्या आणि तेथे वाढवावयाच्या. पुढची अनेक दशके घरोघरचे रेडिओ याच तत्त्वावर चालले.

आता आपल्या विषयाला हात घालतो. १९२४ साली अमेरिकेतील आर. सी. ए. या कंपनीने या पद्धतीचा सहा व्हॉल्व्हचा रेडिओ बाजारात आणला. त्यातील व्हॉल्व्ह बदलता येत; पण बाकीचे बहुतेक सर्किट एका पेटीत घालून वर मेण ओतलेले होते. या पेटीला नावच मुळी ‘तळघरातील कबरस्तान’ अशा अर्थाचे पडले! कारागिराचा हात आत पोहोचण्याची सोय नव्हती. सुपरहेटेरोडाइनचे हक्कही याच कंपनीच्या मुठीत होते, आणि १९३० पर्यंत तिने ते इतर कारखानदारांना दिले नाहीत. ग्राहकाने पैसे मोजून वस्तू घ्यावी, पण तिच्या पोटात काय आहे हे त्याला कळू नये, असा हा व्यवहार होता.

ही कोंडी फुटण्यास दोन माणसांचा मोठा हातभार लागला. पहिले डोनाल्ड मॅकॅडी. हे ब्रिटिश पोस्ट खात्यातील इंजिनिअर. विजेचा दाब, प्रवाह आणि अवरोध मोजण्यासाठी निरनिराळी उपकरणे वागवीत हिंडावे लागे, त्याला ते कंटाळले होते. त्यांनी तिन्ही कामे एका पेटीत आणली, आणि अँपिअर, व्होल्ट व ओहम यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडले ‘अ‍ॅव्हो’. १९२३ साली बाजारात आलेले हे मीटर सुधारत सुधारत २००८ पर्यंत तयार होत होते. हत्यार वागविणाऱ्याच्या गरजेतून हत्यार कसे घडते, याचा हा उत्तम दाखला आहे.

दुसरे अमेरिकेतील जॉन रायडर. यांनी १९३० च्या सुमारास निरनिराळ्या कंपन्यांच्या रेडिओंचे सर्किट-नकाशे गोळा करून जाडजूड ग्रंथांत छापण्यास आरंभ केला. या मालिकेचे वीसाहून अधिक खंड निघाले. एरवी कंपनीच्या कपाटात राहिला असता तो नकाशा गल्लीतल्या दुकानदाराच्या टेबलावर आला. पुढे १९३९ साली रायडर यांनी लहरीचा मागोवा घेत दुरुस्ती कशी करावी यावरही पुस्तक लिहिले. एरियलपासून लाउडस्पीकरपर्यंत एकेक टप्पा तपासत जावयाचे, आणि आवाज जेथे हरवतो किंवा बिघडतो तेथे थांबावयाचे, ही ती रीत.

वरवर ही रीत साधी दिसते. पण तिने अंदाजाच्या जागी विचार आणला. एक उदाहरण देतो. आवाज फाटू लागतो आणि शेवटचा मोठा व्हॉल्व्ह भलताच तापतो. अडाणी मनुष्य व्हॉल्व्ह बदलतो. थोड्या दिवसांत नवाही जातो. खरा गुन्हेगार पुष्कळदा अलीकडचा लहानसा कागदी कंडेन्सर असतो. तो गळू लागला की नको ती वीज व्हॉल्व्हच्या जाळीवर चढते, आणि व्हॉल्व्ह शक्तीबाहेर राबून मरतो. कारखान्यात उत्पादन घसरले की आधी कामगाराकडे बोट दाखविणाऱ्यांनी हा धडा अवश्य गिरवावा. तसेच रेडिओ सतत घुमू लागला की बहुधा वीज शुद्ध करणारे मोठे कंडेन्सर सुकलेले असतात. म्हणून वर्षानुवर्षे अडगळीत पडलेला रेडिओ एकदम पूर्ण विजेवर कधीही लावू नये. जाणते कारागीर आधी एक दिवा त्याच्याबरोबर ओळीत जोडतात. आत शॉर्ट असला तर दिवा लख्ख पेटतो आणि रेडिओ वाचतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ए.सी. आणि डी.सी. अशा दोन्ही विजांवर चालणारे स्वस्त रेडिओ निघाले, तेव्हा त्यांतून ट्रान्स्फॉर्मर वगळला गेला. डी.सी.वर तो चालतच नाही, हे खरे; पण जेथे केवळ ए.सी. वीज होती तेथेही असे रेडिओ खपले, कारण ते स्वस्त पडत. त्यांतील व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारा एका माळेत ओवलेल्या असत. ‘यू’ मालिकेतील चार व्हॉल्व्ह घ्या: १९, १९, ५० आणि ३८ व्होल्ट, बेरीज १२६. घरची वीज २३० व्होल्ट. उरलेले १०४ व्होल्ट एका अवरोधात उष्णता होऊन जात. माळेतील एक तार तुटली की सगळे विझत. हे चालण्यासारखे होते. पण विजेची एक तार सरळ लोखंडी सांगाड्याला जोडलेली असे, आणि प्लग उलटा बसला तर सांगाडाच जिवंत होई. वाचलेला ट्रान्स्फॉर्मरचा पैसा हिशेबात दिसे. धोका मात्र कोणत्याच वहीत न लिहिता दुरुस्ती करणाऱ्याच्या अंगावर टाकला जाई. एक हात खिशात ठेवून काम करावे, बंद रेडिओच्या कंडेन्सरमध्येही घातक वीज साठलेली असू शकते, हे नियम कारागिरांनी एकमेकांना सांगून रुजविले.

आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले, १९३६ साली ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले, १९५७ साली विविध भारती आली. गावोगावी रेडिओ बोलते राहिले, ते अशा दुकानांतल्या मीटरच्या आणि डाखाच्या बळावर. पुढे ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हला निवृत्त केले.

आज आपल्या खिशातल्या यंत्रांकडे पाहिले की ती मेणाची पेटी पुन्हा आठवते. बॅटरी चिकटविलेली, नकाशा गुप्त, सुटा भाग मिळेनासा. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पूर्वीची पेटी उघडली ती मीटर आणि नकाशा कारागिराच्या हाती आला म्हणून. आजही मागणी तीच असली पाहिजे: ज्याने वस्तू विकत घेतली त्याला ती उघडता यावी, आणि जो ती उघडतो त्याला तिचा नकाशा मिळावा. ही मागणी आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे.