आवक वाढली, जावक थांबली : इंटरप्टच्या इतिहासातील एक धडा

१/१५
जानेवारी १९९६. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे भरलेल्या यूझनिक्स परिषदेत एका शोधनिबंधातून एक आलेख मांडला गेला. आडव्या अक्षावर संगणकाकडे दर सेकंदाला येणारी पॅकेटे, उभ्या अक्षावर त्याने पुढे पाठवलेली पॅकेटे. रेषा आधी चढते, सुमारे २,००० वर शिखर गाठते आणि मग उतरू लागते. आवक ६,००० च्या आसपास पोहोचते तेव्हा जावक शून्य झालेली असते. संगणक बिघडला नव्हता, बंदही पडला नव्हता. प्रोसेसर क्षणभरही रिकामा नव्हता. तरीही एकही काम पुरे होत नव्हते.

२/१५
पूर्णपणे व्यग्र असलेल्या यंत्राची निष्पत्ती शून्य कशी असू शकते? या प्रश्नाचे मूळ चार दशके मागे, संगणकाचा वेळ वाचवण्यासाठी केलेल्या एका सुधारणेत आहे. त्या सुधारणेचे नाव इंटरप्ट. आणि तिचा दोष उघडकीस यायला इतका काळ लागला, याचे एक कारण मोजमापाच्या पद्धतीत दडलेले आहे.

३/१५
आरंभीच्या संगणकांत प्रोसेसर वेगवान आणि भोवतालची उपकरणे अतिशय संथ होती. कार्ड वाचणारे किंवा कागदावर छापणारे यंत्र तयार झाले की नाही, हे प्रोसेसरला पुन्हा पुन्हा विचारावे लागे. या पद्धतीला पोलिंग म्हणतात. चौकशीत वा नुसत्या प्रतीक्षेत प्रोसेसरचा वेळ वाया जाई, आणि त्या काळी संगणकाचा एकेक तास अत्यंत महाग होता.

४/१५
यावरचा उपाय उलट्या दिशेने आला : प्रोसेसरने विचारत बसण्याऐवजी उपकरणानेच हाक मारावी. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९५४ मध्ये पूर्ण केलेल्या डिसिॲक या संगणकात उपकरणाच्या संकेताने चालू कार्यक्रम बाजूला सारण्याची सोय होती. पुढे युनिव्हॅक ११०३ए या यंत्रानेही इंटरप्टचा अंगीकार केला. हाक आली की हातातले काम जसेच्या तसे राखून ठेवायचे, उपकरणाकडे पाहायचे आणि पुन्हा पूर्वस्थळी परतायचे, असा हा शिरस्ता.

५/१५
ही सोय सर्वांनाच निर्धोक वाटली नाही. नेदरलँड्समध्ये एक्स१ या संगणकाची आखणी चालू असताना एड्सगर डायकस्ट्रा यांना तिची धास्ती वाटली. हाक नेमकी कोणत्या क्षणी येईल हे ठरलेले नसल्यामुळे, त्यातून उद्भवणारी चूक पुन्हा घडवून तपासताच येणार नाही, अशी त्यांची शंका होती. अखेर त्यांनी हे आव्हान स्वीकारले आणि १९५९ च्या त्यांच्या प्रबंधात याच कामाची मांडणी आहे. त्या पिढीची चिंता होती अचूकतेची. हाकांची संख्या हा प्रश्न अजून उभा राहिलेला नव्हता.

६/१५
तो उभा न राहण्यालाही कारण होते. डिस्क इंटरप्ट पाठवते ती संगणकानेच तिला काम सांगितलेले असते म्हणून. संगणक थकला तर तो नवे काम सांगणार नाही, आणि हाकाही आपोआप कमी होतील. नेटवर्कची गोष्ट वेगळी. तेथे पॅकेट केव्हा आणि किती यावे, हे दुसऱ्याच टोकाला बसलेला संगणक ठरवतो. घेणाऱ्याची ताकद संपली म्हणून येणाऱ्यांची रांग थांबत नाही.

७/१५
आता आकडे पाहू. १९८० च्या दशकात रूढ झालेल्या इथरनेटचा वेग सेकंदाला १ कोटी बिट. मोठ्यात मोठ्या, म्हणजे १,५१८ बाइटच्या चौकटी पाठवल्या, तर सेकंदाला सुमारे ८१२ चौकटी जातात. लहानात लहान, ६४ बाइटच्या पाठवल्या, तर १४,८८० जातात. तार तीच, तिचा वेगही तोच. पण प्रत्येक चौकटीमागे एक हाक धरली, तर प्रोसेसरवरचा भार अठरा पटींनी वाढतो.

८/१५
हा फरक त्या काळच्या मोजमापात सहसा दिसत नसे. १९८४ मध्ये माइक म्यूस आणि टेरी स्लॅटरी यांनी टीटीसीपी हे साधन लिहिले. एका यंत्राकडून दुसऱ्याकडे माहितीचा लोंढा सोडायचा आणि किती बाइट किती सेकंदांत पोहोचले ते पाहायचे. साधन सोपे, उपयोगी आणि दीर्घायुषी ठरले. परंतु अशा लोंढ्यात पॅकेटे बहुधा मोठी असतात, आणि टीसीपी वापरला असेल तर घेणारा मागे पडताच देणाराही सबुरी धरतो. परिणामी यंत्राचे दर्शन घडते ते त्याच्या उत्तम प्रकृतीचे.

९/१५
१९९१ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी आरएफसी १२४२ या दस्तऐवजात थ्रूपुटची काटेकोर व्याख्या दिली : एकही चौकट न गळता जो सर्वाधिक दर पेलता येतो, तो थ्रूपुट. अतिभाराखालील वर्तन ही वेगळी संज्ञाही त्यातच होती. कमाल किती पेलते, आणि कमालीच्या पलीकडे काय होते, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, याची ही नोंद होय.

१०/१५
दुसऱ्या प्रश्नाचा छडा लावला तो डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे जेफ्री मोगल आणि पूर्वी त्याच कंपनीत असलेले, तेव्हा बेल लॅब्जमध्ये काम करणारे के. के. रामकृष्णन यांनी. त्यांनी अल्फा मालिकेतील एक मंद संगणक मुद्दाम निवडला, त्याला दोन नेटवर्कांच्या मध्ये राउटर म्हणून बसवले आणि अवघ्या ४ बाइट मजकुराची पॅकेटे त्याच्यावर सोडली. नुसती पुढे ढकलायची तर शिखर सुमारे ४,७०० चे आले. प्रत्येक पॅकेट आत सोडावे की नाही हे ठरवणारा स्क्रीनडी हा पहारेकरी कार्यक्रम मध्ये ठेवताच आरंभी पाहिलेला आलेख मिळाला.

११/१५
आत काय घडत होते? एखाद्या कचेरीची कल्पना करावी. एकच कारकून, आणि नियम असा की घंटा वाजली की हातातले काम सोडून आलेला अर्ज आवक नोंदवहीत चढवायचा. घंटा अधूनमधून वाजते तोवर अर्ज निकाली निघतात. ती अखंड वाजू लागली की कारकून दिवसभर नोंदीच करतो. टेबलावर जागा उरत नाही, म्हणून नोंदवलेले अर्जही फेकून द्यावे लागतात. कर्नलमध्ये हेच चालले होते. इंटरप्टचा मान सर्वांत वरचा असल्यामुळे स्क्रीनडीची पाळी येतच नव्हती, आणि श्रम खर्चून आत घेतलेले पॅकेट भरलेल्या रांगेपाशी टाकून दिले जात होते. डेडलॉकमध्ये सारे स्तब्ध होते. येथे सारे धावत होते, म्हणून या अवस्थेला लाइव्हलॉक म्हटले गेले.

१२/१५
हा भार मोजणेही सोपे नव्हते. रूढ हिशेबात इंटरप्टसाठी गेलेला वेळ त्या क्षणी जो कार्यक्रम चालू असेल त्याच्या खाती पडे. पीटर ड्रुशेल आणि गौरव बंगा यांनी १९९६ मध्येच या अन्याय्य हिशेबावर बोट ठेवले. मोगल आणि रामकृष्णन यांनी आडवाटेने मोजणी केली : केवळ आकडेमोड करणारा एक कार्यक्रम सोबत चालवायचा, आणि पॅकेटांचा मारा चालू असताना त्याच्या वाट्याला किती वेळ येतो ते पाहायचे. जे उरले नाही, ते नेटवर्कने खाल्ले.

१३/१५
उपाय निघाला तो जुन्या पोलिंगच्या आधारे. पहिल्या पॅकेटने हाक मारावी. ती ऐकताच कर्नलने पुढच्या हाका बंद कराव्यात आणि सवडीने स्वतःच पॅकेटे उचलावीत. मात्र नुसते पोलिंग पुरले नाही. एका फेरीत किती उचलायची याला मर्यादा नसेल, तर जावक तशीच कोसळते. पहारेकऱ्याची रांग भरली असता उचलणे थांबवले नाही, तरीही तेच. दोन्ही पथ्ये पाळल्यावर रेषा शिखरावर पोहोचून तेथेच आडवी राहिली. जास्तीची पॅकेटे आताही गळत होती. पण ती नेटवर्क कार्डापाशीच, प्रोसेसरचा वेळ खर्च होण्याआधी.

१४/१५
हा विचार २००१ मध्ये लिनक्समध्ये आला. जमाल हादी सलीम, उप्साला विद्यापीठाचे रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सेई कुझनेत्सोव यांनी मांडलेली एनएपीआय रचना डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत सर्वांच्या हाती पडली. एका उपकरणाकडून एका फेरीत साधारणतः ६४ पॅकेटे, हा तिचा दंडक. फ्रीबीएसडीसाठी पिसा येथील लुइजी रिझो यांनी याच सुमारास पोलिंगची सोय लिहिली. नावातच ‘नवी’ असे बिरुद असलेली लिनक्समधील ती रचना आज दोन दशकांहून जुनी आहे, आणि अजून कामावर आहे.

१५/१५
या बदलाने मोजमापाचा अर्थही उलटला. पूर्वी इंटरप्टची संख्या वाढली की भार वाढला, असे समजत. नव्या रचनेत भार शिगेला पोहोचला की हाका बंदच राहतात आणि संख्या घटते. ती पाहून यंत्र निवांत आहे असे मानणारा फसतो. म्हणून आज लिनक्स इंटरप्टवर आणि त्यानंतरच्या स्थगित कामावर गेलेला वेळ वेगवेगळा दाखवते, आणि जाणकार त्याच्या शेजारी दर सेकंदाची पॅकेटे व गळतीही पाहतात. १९९६ च्या त्या यंत्रावर प्रोसेसरची व्यग्रता पाहणाऱ्याला सारे सुरळीत वाटले असते. खरी स्थिती कळली, ती आवकेसमोर जावक मांडली तेव्हा, आणि तीही यंत्राच्या कुवतीच्या पलीकडे जाऊन मोजली म्हणून.