चालू करणं सोपं, बंद करणं अवघड

पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या हार्डवेअर इंटर्नशिपला निघाला असाल, तर पहिल्या काही दिवसांतच कोणीतरी तुम्हाला 'डबल पल्स टेस्ट कर' म्हणून सांगेल. स्विचला लागोपाठ दोन छोटे पल्स द्यायचे आणि तो चालू-बंद होताना व्होल्टेज आणि करंट कसे वागतात ते ऑसिलोस्कोपवर बघायचं. माझ्या इंटर्नशिपमध्ये मी याच टेस्टला ६५० व्होल्टचा आयजीबीटी उडवला. सप्लाय होता फक्त ४०० व्होल्ट. चालू होताना काही झालं नाही, पहिला पल्स संपून तो बंद होताना फट्कन आवाज आला.

हे दुखणं तुमच्या-माझ्या बोर्डापेक्षा खूप जुनं आहे. १९०२ च्या सुमारास पीटर कूपर ह्यूइटने पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर आणला. पुढे त्यात ग्रिड बसवल्यावर आर्क कधी पेटवायचा ते ठरवता येऊ लागलं. पण एकदा पेटला की ग्रिडचं काही चालत नसे. करंट शून्यावर येईपर्यंत थांबायचं.

१९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये सिलिकॉनचा थायरिस्टर तयार झाला. काच गेली, पारा गेला, सवय मात्र तीच राहिली: गेटने चालू होतो, गेटने बंद होत नाही. एसीवर हे खपून जातं, कारण ५० हर्ट्झचा करंट सेकंदाला १०० वेळा आपणहून शून्यावर येतो. डीसीवर कोण आणणार? म्हणून विल्यम मॅकमरे आणि इतरांनी १९६० च्या दशकात सक्तीने बंद करणारी सर्किटं बसवली. मुख्य थायरिस्टर विझवायला जादा थायरिस्टर, कपॅसिटर, कॉइल. जुनी पुस्तकं उघडून बघा, प्रकरणंच्या प्रकरणं यावर आहेत. परीक्षेपुरती पाठ करतो आपण ती, पण एका न सुटलेल्या प्रश्नाभोवती किती बुद्धी खर्च झाली हे तिथे दिसतं.

मग आयजीबीटी. आयआयटी मद्रासमधून शिकून गेलेले जयंत बालिगा जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रात होते. १९८२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी यावर पेपर मांडला. (त्याच महिन्यात आरसीएच्या बेके आणि व्हीटली यांना जवळच्याच रचनेचं पेटंट मिळालं. 'शोध कोणाचा' या प्रश्नाला एका नावाचं उत्तर देताना जपून!) आता गंमत बघा. या नव्या उपकरणाच्या पोटात एक थायरिस्टर लपलेला होता. करंट फार वाढला की तो जागा व्हायचा आणि गेटचा ताबा जायचा, म्हणजे पुन्हा १९५७. शिवाय आत साठलेला चार्ज ओसरायला वेळ लागे, त्यामुळे बंद होणं संथ. बालिगांनी त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला. त्याने वेग वाढला पण गेट बिघडलं. मग नेमकं तापवून गेट पूर्ववत आणलं, आणि वेग टिकला. लपलेला थायरिस्टर जागाच होणार नाही अशी रचना तोशिबाच्या नाकागावा यांच्या गटाने १९८४ मध्ये दाखवली.

बंद करता येऊ लागलं, तेही झटकन. आणि तिथेच माझा स्विच मेला. १०० अँपिअर १०० नॅनोसेकंदांत तोडले, की नॅनोसेकंदाला १ अँपिअर. मी कपॅसिटर सोयीचा म्हणून लांब ठेवला होता. जाऊन-येऊन साधारण ३० सेंटीमीटर वायर, म्हणजे अंदाजे ३०० नॅनोहेन्री. गुणाकार करा: ३०० व्होल्ट. सप्लायच्या ४०० वर चढले की ७००.

दुसऱ्या दिवशी कपॅसिटर स्विचला अगदी चिकटवून लावला, वायर ७ सेंटीमीटरवर आणली आणि आधी १०० व्होल्टवरच टेस्ट केली. मग हळूहळू ४०० वर गेलो. स्कोपवर शिखर आलं ४७० च्या आसपास.