यंत्राचा ताप : ग्राफिक्स कार्ड, मॉड आणि मर्यादेचा इतिहास



विषयाचं नाव वाचून काही मंडळींनी दारातच आम्हाला विचारलं, की प्रोफेसर, तत्त्वज्ञान सोडून हे काय नवीन? आम्ही म्हटलं, सोडलेलं नाही. उलट तर्कशास्त्राचा जो धडा आम्ही तीस वर्षं वर्गात शिकवला, त्यात घरी सपशेल नापास झालो. त्या नापास होण्यातूनच आजचं व्याख्यान निघालेलं आहे.

प्रसंग सांगतो. आमचा नातू, मुलीचा मुलगा, शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो. शिकवण्या घेऊन पैसे साठवून त्याने एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेतलं. तो ‘स्कायरिम’ नावाचा खेळ खेळतो, पण आहे तसा नाही. खेळात मूळ कर्त्याने न घातलेल्या गोष्टी खेळणारेच घालतात, त्यांना मॉड म्हणतात. त्याने असे शंभराच्या वर मॉड बसवले होते. शिवाय राजगडाच्या धर्तीवर एक डोंगरी किल्लाही स्वतः बांधायला घेतला होता. बुरूज, चोरदिंडी, पाण्याची टाकी, सगळं. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि संगणक अर्ध्या तासात आपोआप बंद पडू लागला. हात लावून पाहिला तर तव्यासारखा तापलेला.

आम्ही निदान केलं: हे सगळं त्या मॉडांमुळे. काढून टाक. तो म्हणाला, “आजोबा, तसं नसेल.” आम्ही आवाज चढवला. त्याने सगळं पुसून टाकलं आणि खेळ मूळ रूपात पुन्हा बसवला. किल्लाही त्यातच गेला. दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. आणि दोन दिवसांनी, एकही मॉड नसताना, संगणक पुन्हा बंद पडला.

आता हे असं का झालं, ते कळायला थोडा इतिहास बघावा लागेल.

संगणकाचा इतिहास आपण वेगाचा इतिहास म्हणून सांगतो. खरं तर तो उष्णतेचाही इतिहास आहे. १९४६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ‘एनिॲक’ हा संगणक लोकांसमोर आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो साधारण १५० किलोवॉट वीज खात असे. ही वीज शेवटी जाते कुठे? संगणक पाणी उपसत नाही की पीठ दळत नाही. घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने संगणक ही एक शेगडीच, फक्त मधल्या वेळात विचार करणारी. एनिॲकच्या कर्त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मोठे पंखे तर बसवलेच, शिवाय खणांमध्ये उष्णतामापक कळाही बसवल्या. ताप वाढला की वीज बंद. तेव्हा तापून आपोआप बंद होणं हा बिघाड नव्हे बरं का. ती यंत्राला पहिल्यापासून शिकवलेली शिस्त आहे.

पुढे १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला, नळ्या गेल्या, आणि लोकांना वाटलं उष्णतेचा प्रश्न मिटला. पण तो मिटला नाही, दाटीवाटीने परत आला. १९८५ च्या ‘क्रे-२’ या महासंगणकात भाग इतके जवळजवळ रचलेले होते, की वीज न वाहून नेणाऱ्या एका द्रवात ते अक्षरशः बुडवून ठेवावे लागले.

मधल्या काळात एक मोठं सुदैव लाभलं होतं. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली दाखवलं, की ट्रान्झिस्टर लहान करत नेला आणि त्याच प्रमाणात विद्युतदाबही उतरवला, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर मावतात आणि उष्णता मात्र वाढत नाही. तीस वर्षं सगळा उद्योग या सवलतीवर जगला. २००४ च्या सुमारास ती संपली. दाब आणखी उतरवता येईना, गळती वाढली. त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत सोडून दिला. तेव्हापासून वेग हा उष्णतेला विचारूनच वाढवावा लागतो.

ग्राफिक्स कार्डाची कथा याचीच छोटी आवृत्ती आहे. १९९६ च्या ‘व्हूडू’ कार्डावर पंखा नव्हता, उष्णता पसरवणारी धातूची पट्टीसुद्धा नव्हती. १९९९ च्या ‘जीफोर्स २५६’ वर छोटा पंखा आला. २००३ च्या ‘जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा’चा पंखा इतका ओरडायचा, की खुद्द कंपनीनेच त्याची टिंगल करणारी चित्रफीत काढली. आणि २०२२ च्या ‘आरटीएक्स ४०९०’ ची वीज आहे ४५० वॉट. इस्त्रीची आठवण करून देणारा आकडा, आणि तोही एका पेटीत कोंडलेला!

आता मॉडांकडे येऊ. १९९३ साली ‘डूम’ हा खेळ आला. त्याच्या कर्त्यांनी एक उदार गोष्ट केली. खेळाचं इंजिन वेगळं आणि नकाशे, चित्रं, आवाज वेगळ्या फाइलमध्ये ठेवले, म्हणजे लोकांना बदल करता यावेत. लोकांनी ते केले. १९९९ मधला ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मुळात ‘हाफ-लाइफ’चा मॉडच, पुढे तो स्वतंत्र खेळ म्हणून विकला गेला. ‘स्कायरिम’ ११ नोव्हेंबर २०११ ला आला आणि काही महिन्यांतच कंपनीने स्वतःचं बांधणीचं साधन लोकांना खुलं केलं. आमच्या नातवाने किल्ला बांधला तो याच साधनाने.

मूळ खेळ बाजारात येण्याआधी अनेक यंत्रांवर चालवून बघितला जातो. गवत किती दाट, सावली किती लांब, हे त्यानुसार ठरतं. मॉड करणारा माणूस ही मापं ओलांडतो, आणि त्याची चाचणी प्रत्येकाच्या घरी, प्रत्येकाच्या कार्डावर होते. त्यातही भेद आहे. भिंतीचं, कापडाचं जास्त बारकाव्याचं चित्र घातलं तर मुख्यतः कार्डाची स्मृती भरते, ती अपुरी पडली तर खेळ अडखळतो. पण प्रकाश, सावल्या, दाट गवत, पाण्यातली प्रतिबिंबं यांचे मॉड घातले की दर चित्रासाठी करायची गणितं वाढतात. ताप चढतो तो प्रामुख्याने यांनी. म्हणजे शंभर मॉड आहेत म्हणून यंत्र तापतं, हे विधानच ढोबळ. शंभरातले तीनचारच जबाबदार असू शकतात.

मग एकही मॉड नसताना यंत्र का तापावं?

याचं एक उत्तर २०१० साली मिळालं होतं. ‘स्टारक्राफ्ट २’ हा खेळ आला तेव्हा लढाईत नव्हे, तर नुसत्या सुरुवातीच्या यादीच्या पडद्यावर काहींची कार्डं तापू लागली. कारण असं, की त्या साध्या पडद्याला वेगाची मर्यादाच घातलेली नव्हती. काम सोपं, म्हणून कार्ड ते जिवाच्या आकांताने, सेकंदाला शेकडो वेळा, तेच तेच रंगवत बसे. कंपनीने ते मान्य करून मर्यादा घालणाऱ्या दोन ओळी लोकांना सांगितल्या. मोकळं सोडलेलं यंत्र सोप्या कामातही दमतं.

आमच्या घरचा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा. नव्याने बसवलेल्या खेळात ती मर्यादा निघालेली होती आणि कार्ड १४० काढत होतं. म्हणजे ८० चित्रं पुरी कधी दिसतच नव्हती, त्यांची फक्त उष्णता होत होती. गंमत म्हणजे ‘स्कायरिम’मध्ये ६० च्या वर गेलं तर खेळातलं भौतिकशास्त्रही बिघडतं, टेबलावरची भांडी आपोआप उडायला लागतात. तेव्हा ६० ची मर्यादा दोन्हीकडून हिताची.

पण खरा गुन्हेगार वेगळाच होता. श्रोतेहो, तो तुमच्यासमोर उभा आहे.

धूळ बसू नये म्हणून संगणकाची पेटी आम्हीच पुस्तकांच्या जुन्या सागवानी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवायला लावली होती. दारं लावलेली. वरून आमच्या हिने शिवलेलं कापडी आवरण. आमच्या पिढीने रेडिओ झाकला, टीव्ही झाकला, मिक्सर झाकला. वस्तू जपायची म्हणजे झाकायची. पण पंखा उष्णता नाहीशी करत नाही, तो ती फक्त दुसरीकडे ढकलतो. बंद कपाटात तो स्वतःचाच गरम श्वास पुन्हा आत घेत होता.

मिलने १८४३ मध्ये कारण शोधण्याच्या पद्धती मांडल्या, आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक त्याहून पुष्कळ जुना. गोष्ट असते तेव्हा परिणाम असतो, नसते तेव्हा नसतो, हे दोन्ही तपासा. आम्ही काय केलं? मॉड आले, यंत्र बंद पडलं, म्हणून मॉड दोषी. हा शुद्ध काकतालीय न्याय. कावळा बसला आणि फांदी मोडली. मॉड काढूनही यंत्र बंद पडलं, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. मग नातवाला बरोबर घेऊन वही काढली. तोच खेळ, तीच जागा, अर्धा तास. दारं बंद: ९१ अंश, आणि अजून चढतंच होतं, म्हणून थांबवलं. पेटी बाहेर टेबलावर: ७८. बाहेर आणि ६० ची मर्यादा: ६७. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढीच काय ती विद्या.

त्यानंतर जे केलं ते थोडक्यात सांगतो, घरोघरी उपयोगी पडेल. पेटीच्या मागेपुढे मोकळी जागा सोडली. जाळ्यांवरची धूळ दाबलेल्या हवेने काढली. पंख्याचं पातं मात्र बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते हवेने गरगर फिरून बिघडतं. कार्ड जुनं असल्याने चिप आणि धातू यांच्यामधला उष्णतावाहक लेप सुकला होता, तो जाणकाराकडून बदलून घेतला. आणि विद्युतदाब थोडा उतरवला. याचं गणित मोठं सुंदर आहे. चिपच्या कामाची वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, वेगाच्या मात्र साध्या प्रमाणात. म्हणून वेग तोच ठेवून दाब १० टक्के उतरवला तर त्या भागाची १९ टक्के वीज वाचते. प्रत्येक चिपला हे सारखं मानवत नाही, म्हणून थोडं थोडं उतरवून तपासत जायचं. आणि एक लक्षात ठेवा, पंखा यंत्राला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. पुण्यात जानेवारीत ६५ वर राहणारं कार्ड विदर्भात मे महिन्यात त्याच कामाला ८५ गाठेल. उन्हाळ्यात सावल्यांचा मॉड जरा आखडता घ्यावा, एवढं साधं आहे.

पण शेवटचा मुद्दा साधा नाही. १९६१ साली रॉल्फ लँडॉअर या शास्त्रज्ञाने दाखवलं, की माहितीचा एक कण पुसायचा म्हटला तरी किमान काही उष्णता बाहेर पडतेच. आजची यंत्रं त्या किमान मापाच्या हजारो पटींनी उष्णता सोडतात, त्यामुळे व्यवहारात त्याने फरक पडत नाही. पण विचारात पडतो. आम्ही आयुष्यभर समजत होतो, की पुसणं म्हणजे काहीच न करणं. फळा पुसला, संपलं. भौतिकशास्त्र म्हणतं, पुसणं फुकट नसतं, त्याची किंमत कुठेतरी मोजली जाते.

नातवाचा किल्ला आम्ही पुसायला लावला. त्याची किंमत यंत्राने नाही मोजली, त्या मुलाने मोजली. आठवडाभर तो आमच्याशी जेवणापुरतंच बोलत होता. वहीतले ते तीन आकडे बघितल्यावर आम्ही त्याला म्हटलं, “चूक आमची होती.” तो एवढंच म्हणाला, “आजोबा, आधी दारं उघडून बघायची होती.”

किल्ला त्याने पुन्हा बांधायला घेतलाय. या वेळी प्रत दोन ठिकाणी ठेवतो. परवा आम्हाला बोलावून विचारत होता, पाण्याची टाकी बालेकिल्ल्याच्या कोणत्या अंगाला घेऊ? आम्ही सांगितलं, अंदाजाने नको, आपण दोघं राजगडावर जाऊन बघून येऊ. आमचे गुडघे कितपत साथ देतील ते माहीत नाही. पण पाऊस ओसरला की निघणार आहोत.